माल एका डोळ्यानं बघावा

अण्णांना दोन्ही डोळे होते आणि ते चांगले होते, हे आधीच सांगून टाकते. कारण उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, निम्मे लोक त्यांना एकाक्ष समजत. डाळमिलच्या गेटाशी माल घेऊन येणारा शेतकरी त्यांना एकाच अवस्थेत बघायचा. उजव्या मुठीत तूर, डावा तळवा डाव्या डोळ्यावर झाकणासारखा, मान जराशी तिरकी. लांबच्या गावचे लोक गेटावर विचारत, "ते काणे अण्णा हायेत का आज?" आणि अण्णा आतूनच ओ देत. चुकीची दुरुस्ती करायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

ही सवय त्यांना त्यांच्या उस्तादांनी लावली होती. अण्णा चौदाव्या वर्षी मोंढ्यात आले, तेव्हा एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली माल पारखायला शिकले. उस्तादांनी पहिल्या दिवशी त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात दाबला आणि सांगितलं, "दोनों आंखां से भाव दिखता, एक आंख से माल." दोन डोळे उघडे असले की शेतकऱ्याचं तोंड दिसतं, मालकाचं तोंड दिसतं, मग माणूस तोंडं बघून बोलतो. एक झाकला की फक्त दाणा उरतो. अण्णांनी हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की आता नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात डाळ निवडतानाही ते कानात वाजतं.

मी त्या मिलमध्ये लागले ती अन्नतंत्राची पदवी घेऊन, दाण्यातली ओल मोजायच्या यंत्रासकट. माझी पहिलीच नोकरी. नांदेडच्या घरी आईनं सगळ्या गल्लीत पेढे वाटलेले, त्यामुळे परत जायची सोय नव्हती. मालकांनी यंत्र मोठ्या कौतुकानं टेबलावर मांडलं आणि अण्णांना म्हणाले की आता मशीन सांगेल. अण्णांनी तुरीचा एक दाणा दाताखाली धरला, कट्ट असा आवाज झाला, आणि ते म्हणाले, "अकरा." मी यंत्रात दाणे घातले. अकरा पूर्णांक दोन दशांश टक्के.

"वरचे दोन दशांश तुझ्या डब्याचे," असं म्हणून ते पुढच्या पोत्याकडे गेले. तेव्हापासून मिलमध्ये त्या यंत्राचं नाव डबा पडलं ते पडलंच.

दातानं ओल, कानानं वय, डोळ्यानं वाण, असं त्यांचं शास्त्र होतं. मूठ कानाशी नेऊन हलवायचे आणि तूर यंदाची की गेल्या सालची ते सांगायचे. हे मला आजही जमलेलं नाही, आणि जमतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण अण्णा चुकलेले मी पाहिले नव्हते. त्यांना स्वतःबद्दल जो भरवसा होता तो बघून पहिले दोन महिने मला त्यांचा राग यायचा. मग कळलं की त्या भरवशाला आधार आहे, आणि राग आणखीनच वाढला.

माणसांनाही ते धान्यासारखी प्रत लावत. मालकांबद्दल म्हणत, माल चांगला हाय, पॉलिश जास्त झालंय. स्वतःच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ते बियाण्याचा माल म्हणत, आणि यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. मला पहिल्या आठवड्यातच त्यांनी प्रत लावून टाकली होती. "ओल हाय अजून. आत्ताच पोत्यात भरली तर बुरशी धरंल."

एवढ्या शहाण्या माणसानं एका गोळीच्या बाबतीत मात्र जो मूर्खपणा केला, तो अस्सल आमच्याकडचा होता. मिलमध्ये एकदा तपासणी शिबिर झालं. तरुण डॉक्टरनं अण्णांच्या दंडाला पट्टा दोनदा गुंडाळून बघितला, रोज सकाळी बीपीची एक गोळी घ्या म्हणून सांगितलं आणि पुढच्या महिन्यात दाखवायला बोलावलं. अण्णांनी गोळ्यांची पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ज्या दिवशी डोकं दुखेल त्या दिवशी एक घ्यायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की बीपी डोक्यात चढतं, हे तर सगळेच म्हणतात. मग डोकं दुखलं तरच ते चढलेलं असणार. दुखत नाही त्या दिवशी गोळी कशाला वाया घालवायची? वर एखाद्या हमालाचं कपाळ ठणकलं तर त्यालाही त्याच पट्टीतली एक काढून देत. मी भांडले तेव्हा दुसऱ्यांना देणं तेवढं थांबलं. स्वतःचं वेळापत्रक त्यांनी बदललं नाही. त्यातून दुपारी हरभऱ्याचे फुटाणे खाताना शेजारी मिठाची पुडी उघडी असायचीच. मी दोन-तीनदा बोलले आणि मग सोडून दिलं. ते सोडून दिल्याचं मला अजून वाईट वाटतं.

जानेवारीतली गोष्ट. नवी तूर यायला लागली होती आणि गेटाबाहेर ट्रॅक्टरांची रांग होती. पहिला नंबर तोगरी गावच्या एका शेतकऱ्याचा. पहाटेच घरातून निघालेला, कानाला मफलर, ट्रॉलीत भरलेली पोती. अण्णांनी पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ सळई, खुपसून नमुना काढला, डावा डोळा झाकला, बघितलं आणि म्हणाले, "माल डागी हाय. खालच्या अंगाला पाणी लागलंय."

शेतकऱ्यानं पोत्याचं तोंड बांधलं. अण्णांनी नाव ठेवलेला माल दुसरीकडे दाखवण्यात अर्थ नसतो, हे त्याला माहीत असावं. त्यानं मफलर सोडून परत बांधला आणि ट्रॅक्टर वळवायला घेतला. अण्णांनी टेबलावर ओतलेली मूठ मी सहज बघितली. दाणा न् दाणा स्वच्छ होता. एकही डाग नाही. मी दोनदा बघितलं, कारण डोळे माझे आणि पलीकडे अण्णा, तेव्हा चूक कोणाची असणार हे ठरलेलंच होतं.

मी म्हटलं, "अण्णा, डाग कुठाय?"

त्यांनी परत डोळा झाकून बघितलं. मग दुसऱ्या पोत्यातली मूठ घेतली. तिच्याही खालच्या अंगाला डाग. मग त्यांनी मूठ खाली ठेवली आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग तळवा डाव्या डोळ्यावरून काढून उजव्यावर ठेवला, आणि परत डाव्यावर. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पण आवाज नेहमीचाच होता.

"भिंतीला बी डाग हाय," ते म्हणाले. "म्हंजे डाग मालात न्हाई. माझ्यात हाय."

पुढं त्यांनी जे केलं ते मी कितीतरी जणांना सांगितलं आहे. स्वतःच्या डोळ्याचं काय झालं हे बघायच्या आधी ते एका हमालाच्या मोटरसायकलवर मागं बसले आणि मोंढ्याच्या कमानीपर्यंत गेलेला तो ट्रॅक्टर गाठला. शेतकऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "माल एक नंबर हाय, पाटील. डोळा डागी हाय. चला माघारी." त्या माणसाची पोती मिलमध्ये उतरली तेव्हाच अण्णा खाली बसले.

मग सल्ले सुरू झाले. दुखत नव्हतं, लाल झालं नव्हतं, पाणी येत नव्हतं. डावा झाकला की उजव्या डोळ्याच्या मधोमध धुरकट आणि खाली मळकट पदर आल्यासारखं होतं, एवढंच. आमच्याकडे साठी उलटलेल्या माणसाला कमी दिसायला लागलं की रोगाचं नाव आधीच ठरलेलं असतं. चष्मेवाल्यानं दुकानाच्या दारातूनच बघितलं आणि मोती धरलाय म्हणून सांगितलं. काकूंच्या भावानं फोनवर तेच सांगितलं. मालक म्हणाले, "मोतीबिंदूच असणार, अण्णा. कच्चा काढत नसतात. पिकू द्या. सीझन उरकला की पाडव्यानंतर मी स्वतः गाडी देतो."

मालकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला ते पटलंही होतं. माझ्या आजीचा मोतीबिंदू पिकायची वाट आम्ही दोन वर्षं बघितली होती. पाडवा म्हणजे तर अडीच महिने.

अण्णांनी मात्र मालकांकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं. "मालक, आपला जन्म धानात गेला. रात्री झोपताना फूल अन् सकाळी उठून पिकलेली शेंग, असं पीक तुम्ही कुठं बघितलं? काल सांजच्याला याच डोळ्यानं मी शेवटची ट्रॉली पास केली. जे पिकतं ते हळू पिकतं. हे पिकलेलं न्हाई. हे कायतरी फुटलंय न्हाईतर तुंबलंय."

सीझनच्या ऐन गर्दीत रजा मागणारे अण्णा मालकांना नवीन होते. त्यांनी बराच आग्रह केला. अण्णा म्हणाले, ज्या हत्यारानं सीझन करायचा तेच मोडलंय, मग मी इथं बसून काय करणार? मला ते म्हणाले, "तू चल. डॉक्टर काय म्हणंल ते मला निम्मं कळंल, निम्मं तुला कळंल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी, अण्णा आणि काकू लातूरच्या गाडीत बसलो. वाटेत त्यांनी एकदाही भीती बोलून दाखवली नाही. फक्त दर पाच-दहा मिनिटांनी डावा डोळा झाकून समोरच्या सीटवरचं लिहिलेलं वाचून बघत होते. काकू खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. त्या डोळ्यावर त्यांचं घर चालत होतं, आणि घरापेक्षाही अण्णा चालत होते.

लातूरच्या डॉक्टर बाई डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टर होत्या. वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, मशीनवर फोटो काढले, रक्तदाब मोजला आणि तो परत मोजला. मग त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या, "गोळी रोज घेता का?"

अण्णांनी आपला डोकेदुखीचा सिद्धांत सांगितला. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "काका, बीपीनं डोकं दुखेलच असं नाही. वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही आणि आत काम चालू असतं. हे बघा." त्यांनी कॉम्प्युटरवर अण्णांच्या डोळ्याच्या आतला फोटो लावला. केशरी गोलावर नाजूक लाल रेषा, आणि वरच्या एका भागात रक्ताचे फराटे.

त्यांनी समजावलं ते मला अजून शब्दशः आठवतं, कारण नंतर मी ते मिलमध्ये वीस वेळा सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त आणणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि परत नेणाऱ्या वेगळ्या. काही ठिकाणी त्या एकमेकींना ओलांडतात. बीपी बरीच वर्षं चढलेलं राहिलं की आणणारी नळी कडक होते आणि जिथं ओलांडते तिथं खालच्या मऊ नळीला दाबते. मग रक्ताला परत जायला वाट नाही. ते मागं तुंबतं, झिरपतं, आणि पडदा सुजतो. वरच्या भागात झालं की माणसाला खालचं दिसत नाही.

"कळलं," अण्णा म्हणाले. "मोंढ्याच्या गेटात एक ट्रॉली आडवी झाली की पार रस्त्यापर्यंत रांग लागती. मग कुणाची तरी पोती फुटत्यात."

बाई हसल्या. मग म्हणाल्या की नेणारी नळी तुंबली हे त्यातल्या त्यात बरं. आणणारी तुंबली असती तर नजर एका क्षणात गेली असती आणि हातात काही तासच उरले असते. सूज उतरवायला डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, महिन्याला एक, आधी तीन, मग बघू. किती दिसेल ते आत्ता सांगता येणार नाही. मग त्यांनी कागदावरून मान वर करून विचारलं, "एक सांगा, कालच झालं आणि कालच कळलं कसं? माझ्याकडे लोक तीन-चार महिन्यांनी येतात. दुसरा डोळा चांगला असतो ना, तो सगळं झाकून नेतो. डोळ्यात कचरा गेला म्हणून कधीतरी चांगला डोळा चोळतात, तेव्हा कळतं."

अण्णांनी डावा तळवा उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला आणि उस्तादांचं वाक्य दक्खनीत जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी ते चिठ्ठीच्या मागं लिहून घेतलं. त्या क्षणी अण्णांच्या तोंडावर जो गर्व होता तो बघून मला कळलं की या माणसाचं काही अडणार नाही.

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी झालं. अण्णा डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आले आणि म्हणाले, "पोत्यात परखी घालत्यात तसं. पोतं ओरडतं का?" रोजची गोळी मात्र त्यांनी त्या दिवसापासून धरली ती आजपर्यंत. मिठाची पुडी काकूंनी स्वतः बंद केली, आणि त्या बाबतीत अण्णांना कोणी विचारलंही नाही.

तीन महिने मिलमध्ये माल मी बघितला. डब्यावर ओल कळायची, बाकी सगळं माझ्या डोळ्यांवर होतं. मी दोनदा मालकांच्या आणि एकदा शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघून निकाल दिला, आणि तिन्ही वेळा चुकले. चौथ्या वेळी कोणाचं लक्ष नाही असं बघून मी डावा डोळा झाकला. त्यानंतर चुका कमी झाल्या. हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही, पण हमालांनी सांगितलं असणार.

तिसऱ्या इंजेक्शननंतर सूज बरीच उतरली. खालचा डाग फिका झाला, वाचायला यायला लागलं. पण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की मधे थोडं वेडंवाकडं दिसणं राहील, कदाचित कायमचं. अण्णा मिलमध्ये परत आले त्या दिवशी सगळे कामं सोडून टेबलाभोवती जमले. मालकही आले. मी मूठभर तूर त्यांच्या हातात दिली. आता यांना जमलं नाही तर यांनी काय करायचं, हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाच्या मनात होता.

अण्णांनी डावा डोळा झाकला. उजव्यानं बघितलं. मग त्यांनी मूठ उघडीच ठेवून मनगट हळूच फिरवलं, चाकी फिरवावी तसं, आणि परत बघितलं. आणखी एकदा फिरवलं. मग एक दाणा चिमटीत उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा किडका. बाकी पास."

दाणा खरंच किडका होता. मी विचारलं, फिरवलं कशासाठी?

"मला तीन दाणे वाकडे दिसले," ते म्हणाले. "हात फिरवला. एक दाणा हातासंगं फिरला, तो खरा वाकडा. दोन जागच्या जागीच राहिले, ते माझ्या डोळ्यातले. हाताबरोबर फिरंल ते मालाचं, न फिरंल ते माझं." आणि पुढच्या पोत्याकडे वळले. हमालांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी यंत्र पुसायच्या फडक्यानं पुसलं. त्यानंतर त्यांना प्रत्येक मुठीला दुप्पट वेळ लागायचा आणि त्याबद्दल ते कोणाची माफी मागत नसत.

आणि मग त्यांनी मिलला नवा कायदा लावला. रोज सकाळी पहिलं पोतं उघडायच्या आधी सगळ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहायचं आणि एकेक डोळा झाकून मोठ्यानं तारीख वाचायची. हमाल, काटेवाला, मी, गेटावरचा माणूस. हसतील ते हसोत. मी पुढं लग्न होऊन परत नांदेडलाच आले, दुसऱ्या मिलमध्ये लागले, आणि तिथं हाच कायदा लावून स्वतःचं हसं करून घेतलं. अण्णा फोनवर अजून विचारतात, "तारीख वाचलीस का? कंच्या डोळ्यानं?" मी दोन्ही म्हटलं की रागावतात, दोन्ही म्हणजे एकदाच वाचली का दोनदा, ते नीट सांग म्हणतात.

मालक त्या रांगेत कधी उभे राहायचे नाहीत. ऑफिसच्या दारातून बघून हसायचे. कायदा लागून आठवडा झाला असेल, एका सकाळी अण्णांनी सगळ्यांदेखत त्यांना म्हटलं की तुमच्या मिलमध्ये एकच माल बिनपारखा राहिलाय. मालक हसत हसत आले, कॅलेंडरसमोर उभे राहिले. डावा डोळा झाकून त्यांनी तारीख, वार, तिथी सगळं खणखणीत वाचून दाखवलं. हमालांनी वाहवा केली. मग त्यांनी उजवा झाकला.

मालकांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यांनी मान इकडून तिकडं केली.

"लाईट गेली का रे?" त्यांनी विचारलं.

डोक्यावर पंखा फिरत होता. बाहेर चाळणीचं मशीन धडधडत होतं. मालकांनी हात काढला, परत ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मोती असंल, अण्णा. पिकत आला असंल."

अण्णांनी पुढं होऊन त्यांचा हात डोळ्यावरून खाली घेतला आणि सोडला नाही.

"लाईट हाय, मालक," ते म्हणाले. "चला. लातूरची गाडी साडेदहाला हाय."